पांढरीचा कोपरा

दादा, काल तुझ्यासाठी मी मार खाल्ला.

खालचा ओठ सुजून बाहेर आलाय. डाव्या कानात भुंगा फिरतोय. नुकतंच भादरलेलं डोकं मातीवर घासलं गेल्यामुळे टाळूवर असा काही नकाशा उमटलाय की अमरावतीला परत गेल्यावर शिकवणीतली पोरं गणित सोडून भूगोल विचारतील. तू असतास तर आधी पोट धरून हसला असतास आणि मग मारणाऱ्याच्या घरी गेला असतास. जन्मभर हाच क्रम होता. मला मारायचा हक्क तुझा, आणि दुसऱ्या कोणी मला बोट लावलं तर ते बोट मोडायचा हक्कही तुझाच. शाळेत एकानं मला विहिरीपाशी ढकललं तेव्हा तू त्याचं नाक फोडलंस, आणि घरी येताना वाटेत मला दोन ठेवून दिल्यास. "मार खाऊन कायले येतं बे? मारून येत जा!"

तर काल मी मारून यायला गेलो होतो. कसं गेलो ते सांगतो. त्यात अर्धा दोष कावळ्याचा आहे.

दहावं होतं तुझं. तुला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी दिला, मडकं मी फोडलं, डोकंही माझंच भादरलं गेलं. नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. जिवंतपणी जेवणावर रुसायची तुझी खोड मेल्यावरही गेली नाही, असं मला वाटलं. लोक म्हणाले, "मास्तर, काईतरी राह्यलं त्याच्या मनात. बोला."

मी हात जोडले. म्हटलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. म्हटलं, वावर विकणार नाही. एकानं मान वळवली आणि चोच पुसली. मग मी म्हणालो, दादा, तंबाखूला तू म्हणशील तेच खत टाकीन. तेव्हा तर निघालेला एक कावळा परत फिरला. तुला माझा भरवसा नव्हता हे गावासमोर सिद्ध झालं. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "पांढरीचा कोपरा कोणाला खोदू देणार नाही." आणि दादा, एक काळा धटिंगण सरळ खाली आला, पिंडाचे दोन तुकडे केले आणि एक घेऊन उडाला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. माझा मात्र अडकला. कारण त्या कोपऱ्यात कोण आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शेजारच्या वावरातल्या गजाचा ट्रॅक्टर सकाळपासून पांढरीवर उभा आहे हेही मी येताना पाहिलं होतं.

पांढरीवरून तू आयुष्यात जितकी भांडणं केलीस तितकी बायकोवरूनही केली नसशील. आपलं गाव कधीकाळी तिथं होतं, पुढे कुठल्याशा रोगराईत उठून इकडे आलं. मागे राहिला तो मातीचा उंचवटा. पडलेल्या भिंती, चुलींची राख, गोठ्यांतलं शेणमूत, पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं कुजून पांढुरकी, खारट झालेली माती. बरड जमिनीतल्या तंबाखूला ती माती म्हणजे लोण्याचा गोळा. बार्शीटाकळीच्या बाजारातून आणलेलं पोतंभर खत जे करत नाही ते एक बैलबंडी पांढरी माती करते, असं तू म्हणायचास. मी नाही म्हणायचो, म्हणून तू ते आणखी मोठ्यानं म्हणायचास.

आणि बरड तरी तुला कोणी दिलं होतं? वाटणीच्या दिवशी आपण जेवायला बसलो होतो. काका हसत म्हणाले, "त्या बरडात निरे इच्चू पिकते." विंचवांवरून एवढीच थट्टा. तू समोरचं ताट वरणासकट भिंतीवर भिरकावलंस आणि ओरडलास, "बरड माह्यं!" वरण काकांच्या धोतरावर, लोणच्याची फोड माझ्या खिशात, आणि मुरमाचं ते ओसाड वावर तुझ्या नावावर. अशी वाटणी साऱ्या अकोला जिल्ह्यात झाली नसेल. वर पीक निवडलंस तेही असं, की ज्याला गुरं तोंड लावत नाहीत, रानडुकरं तोंड लावत नाहीत, रोहीसुद्धा नाक फेंदारून निघून जातात. जोडी छान जमली होती तुमची.

पहिल्या वर्षी तू रागारागात पांढरी माती इतकी ओतलीस की पानं बैलाच्या कातड्यासारखी जाड आली. अकोल्याहून बिडीचा व्यापारी आला. त्यानं पान चुरगळून गुंडाळलं, काडी लावली. विझलं. पुन्हा लावली. पुन्हा विझलं. खाऱ्या मातीतलं पान जळत नाही हे तो समजावून सांगत होता, पण शेवटी त्याच्यातला विनोदी माणूस जागा झाला आणि तो म्हणाला, "पाटील, हे पान हाय का चप्पल?" तू त्याची मान काखेत धरलीस आणि ते पान काडीसकट त्याच्या तोंडात कोंबलंस. "जयत नाई नं? मंग खा!" तो बिचारा ओकत ओकत बसस्टॉपपर्यंत पळाला. तू मात्र त्यातून धडा घेतलास, फक्त तुझ्या पद्धतीनं. बिडीवाल्यांचा नाद सोडलास आणि खर्ऱ्यावाल्यांना पान द्यायला लागलास. चघळायला जाड, कडक पानच लागतं. खाणारे रडायचे, पण परत मागायचे.

आपलं शेवटचं भांडणही खतावरूनच झालं, नाही का? मी फोनवर सांगत होतो, दादा, तांबडं पोटॅश टाकू नको, जमीन आधीच खारट करून ठेवलीस, सल्फेटवालं घे. मी हे सगळं मोबाइलवर वाचून बोलतो हे तुला माहीत होतं. आयुष्यात मी कुंडीतली तुळससुद्धा दोनदा वाळवली आहे. तू म्हणालास, "मास्तर, तू आपले अपूर्णांक पाय. त्या जमिनीत म्या काय टाकलं हाये ते मले मालूम हाये. ठेव फोन." मी ठेवला नाही, तूच कापलास. वहिनी म्हणते, त्यानंतर तू चांगला जेवलास, म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही. सकाळी वावरात पाणी धरायला गेलास आणि फावड्यासकट दांडात पडलास. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. बरोबरच आहे. बाहेरून तुला फोडायची कोणाची छाती होती? तुला आतूनच फुटावं लागलं.

तू आतून एकदाच फुटलेला मी पाहिलाय, तुझी तान्ही सोनी गेली तेव्हा. तिला दातही आले नव्हते. ताप आला, आणि बार्शीटाकळीच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. आपल्याकडे दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तू तिला पांढरीच्या उगवतीच्या कोपऱ्यात ठेवलंस, वर बोरीच्या फांद्या अंथरल्यास कोल्ह्यांसाठी, आणि रडला नाहीस. घरी आलास आणि गोठ्याचं दार दोन्ही मुठींनी ठोकत राहिलास. फळ्या फुटल्या, तुझ्या मुठी फुटल्या, जनावरं दावी तोडून पळाली. बाबा मागून तुला मिठी मारायला गेले तर तुझ्या कोपरानं त्यांचा दात पडला. त्यानंतर घरात सोनीचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांना आपापले दात प्यारे होते.

गजानं काढलं. म्हणजे नाव काढलं नाही, कोपरा काढला. त्याचं वावर तुझ्या धुऱ्याला, बांधालाच लागून, तसंच बरड, त्यात तसाच तंबाखू. बाकीची पांढरी लोकांनी खोदून खोदून जमिनीला टेकवली होती, आणि सगळ्यांत जास्त तू. उरला होता तो कोपरा. त्या उन्हाळ्यात मी सुटीला आलो होतो, तुझ्या बंडीवर बसून हवा खात होतो. गजानं त्या कोपऱ्यावर टिकास मारली. एकच. दुसरी मारायला त्यानं हात उचलला, तेवढ्यात तू बंडीची उभारी उपसलीस. कडेला उभं ठोकलेलं ते बाभळीचं जाड लाकूड एका हिसक्यात कसं निघालं ते मला आजही कळत नाही. पहिल्या फटक्यात त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. वाळलेली तुराटी मोडते तसा आवाज आला. दुसरा जबड्यावर. तो पडला, तरी तू मारतच राहिलास. पांढऱ्या मातीवर रक्त पडलं की ते काळं दिसतं हे मी तेव्हा पाहिलं. तुझ्या तोंडून एक शिवी नाही, शब्द नाही, नुसता श्वास. आणि मी? मी शांततेचं आवाहन करत होतो. बंडीखालून.

लोकांनी तुला दोरानं बांधलं म्हणून गजा वाचला. पुढे पोलीस झाले, पंच बसले, तडजोड झाली. गजाचा हात जुळला, पण वाकडा. तू मात्र सुधारला नाहीस. कोपऱ्याकडे कोणी नुसतं लघवीला गेलं तरी दगड घेऊन धावायचास. अगदी परवापरवापर्यंत.

म्हणून काल, कावळ्याला शब्द देऊन बसलेला मी, ओल्या धोतरानं, तुळतुळीत डोक्यानं पांढरीवर चढलो. गजाची ट्रॉली रिकामी होती. आताच माती काढून धुऱ्यावर ढीग घालायचा आणि उन्हाळ्यात पसरायची, असा त्याचा बेत. तू गेलास, आता अडवणार कोण? मी म्हटलं, "गजाभाऊ, हा कोपरा सोडा."

"मास्तर, केस गेले तं ऊन लागलं काय डोक्याले? घरी जा. बुंदी खा."

"पोरगी हाये तिथं."

"मालूम हाये मले. तिच्यापायीच हा हात झाला नं माह्या?" त्यानं वाकडा हात माझ्या नाकासमोर धरला. "मी तिले काई म्हणत नाई. पण सारी पांढरीच मेल्याइची हाये, मास्तर. पिढ्यान्‌पिढ्या लोकाइनं इथंच लेकरं पुरले. तुह्या दादानं त्याइची माती बंड्याच्या बंड्या नेली, तवा कोणी आडवं आलं का? तेव्हढी एकच पोरगी होती का गावात?"

  दादा, उत्तर नसलं की आपल्या घराण्यात जे करतात तेच मी केलं. त्याच्याच ट्रॉलीतलं फावडं उचललं आणि गजाच्या डोक्यावर घातलं. ते ट्रॅक्टरच्या दिव्यावर बसलं. काच फुटली, माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत झिणझिणले, आणि बावन्न वर्षांच्या आयुष्यातला माझा पहिला वार असा वाया गेला.

गजानं मारलं ते वाकड्या हातानंच. तू मोडलेला हात वाकडा जुळला असेल, पण त्यातला जोर सरळ आहे, हे माझ्या कानानं तुला कळवतो. मी पडलो. त्यानं माझी मान धरून तोंड मातीत दाबलं, नाकात, घशात खारट माती गेली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं त्याच्यात, आणि तुझ्यासारखं थोडंफार दिसणारं एक डोकं त्याला पहिल्यांदा हाताशी सापडलं होतं. गुडघा पाठीत, मूठ बरगड्यांवर. श्वास बंद झाला तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावलो. नुसता चावलो नाही, दात हाडाला लागेपर्यंत धरून ठेवलं. तोंडात गरम, लोखंडी चव आली. मला ती आवडली, दादा. हे मी कोणाला सांगणार नाही, तुला सांगतो. तू आयुष्यभर काय प्यायलास ते मला तेव्हा कळलं.

गजा ओरडून मागे झाला. आणि त्यानं टिकास उचलली. डोक्याच्या वर. त्याच्या डोळ्यांत तेव्हा मी नव्हतोच, तू होतास.

"गजाभाऊ! खाली ठेवा थे!"

वहिनी. नदीवरून धावत आली होती, पदर खांद्यावर नाही, पायात काही नाही. ती आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि आधी बोलली ती माझ्याशी. "भाऊजी, उठा. कायले मरता? तिथं कोणी नाई."

"काय?"

"सोनी नाई तिथं. कवाचीच नाई."

गजाची टिकास हळूहळू खाली आली. वहिनी मातीतच बसली आणि जमिनीकडे पाहून सांगत गेली. "गजाभाऊले मारलं त्याच उन्हाळ्यात. पोलिसाचं निपटलं, अन् हे घरी आले ते जेवेचनात. म्हणे, पुढच्या बारीले माह्या हातून गजाचा मुडदा पडते. थो कोपरा सोडत नाई, मी उभारी सोडत नाई. मंग आमी दोघं भर दुपारी आलो, सारं गाव निजलं होतं. यायनं टिकास लावू नाई देली. हातानंच उकरलं. नखं फुटले, तरी हातानंच. काईच नाई भेटलं, भाऊजी. एक हाड नाई. माती खारी हाये नं, खाऊन गेली लेकराले. मंग तिथली मातीच टोपल्यात भरली, वरून माह्या लुगड्याचा तुकडा फाडून झाकला, अन् आपल्या वावरात विहिरीपाशी नेऊन टाकली. म्हणे, लोकाच्या तंबाखूले नाई जाऊ देत, आपल्या बरडाले जाऊ दे."

 मग गजा म्हणाला, "मंग वयनी, मागच्या वर्सी मले इथंच गोटा काहून मारला होता त्यानं?"

"आता मारनं सोडलं, असं लोकाइले कसं सांगतीन हे? लाज वाटे त्यायले."

गजा आपल्या वाकड्या हाताकडे पाहत राहिला. "म्हंजे हा मोडला म्हणून जीव वाचला माह्या," असं काहीतरी पुटपुटला आणि मनगटातलं रक्त धोतराला पुसलं.

दादा, मी तुला जन्मभर पाहिलं आणि मला वाटायचं, तू म्हणजे राग. राग उठला, राग बसला, मधे एखाद्याचं हाड मोडलं. तू आपल्याच रागाला घाबरला असशील, त्याच्या हातून शिकार काढून घ्यायला भर उन्हात जाऊन स्वतःची पोर उकरली असशील, हे माझ्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं. आणि एवढं करून वर रिकाम्या जागेची राखण करत राहिलास, दगड मारत राहिलास, कारण दया आली असं म्हणण्यापेक्षा वेडा म्हणवून घेणं तुला सोपं होतं! अरे लेका, मला तरी सांगायचं. मी काय हसलो असतो? हो, हसलो असतो. मग तू मला मारलं असतंस. पण सांगायचं. कावळ्यालासुद्धा फसवलंस तू.

गजानं ट्रॉली भरली. खोटं कशाला सांगू, त्याच कोपऱ्यातून भरली. वहिनीच म्हणाली, न्या. त्याचंही वावर बरडच आहे.

आज सकाळी वहिनी मला वावरात घेऊन गेली. तुझ्या मरणाच्या गडबडीत तंबाखू तसाच राहून गेला होता आणि सगळं वावर फुलावर आलं होतं. फूल येऊ दिलं की पान हलकं पडतं, सगळं खाल्लेलं खत फुलाला जातं, म्हणून कळी दिसली की शेंडा मोडायचा. एवढं तर माझ्या मोबाइललाही माहीत आहे. तेरवीपर्यंत थांबलो असतो तर पीक गेलं असतं. आम्ही दोघं लागलो. शेंड्याला धरायचं, वाकवायचं, कट्. एकेका झाडाची मान मोडत जायचं. चीक हाताला लागून काळा पडतो, निघत नाही. वासानं मला मळमळायला लागलं, मी धुऱ्याआड जाऊन ओकून आलो. वहिनी म्हणाली, "तुमच्या भावालेबी पह्यल्या दिवशी होये." तू हे कधी सांगितलं नव्हतंस.

थोड्या वेळानं पलीकडून धुरा ओलांडून गजा आला. मनगटाला चिंधी बांधलेली. मला म्हणाला, "दात लय तेज हाये मास्तर, इंजेक्शन घ्या लागलं," आणि कोणी न सांगता एक ओळ धरली. तिघं मोडत चाललो. मागे गुलाबी फुलांचे शेंडे पडत होते, जिकडंतिकडं मुंडकी. विहिरीच्या अंगाला गजा सगळ्यांच्या पुढे पोचला. तिथली थोडी झाडं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती, पानं काळीभोर, फुलं माथ्यावर. त्यानं पहिल्या शेंड्याला हात घातला.

"थे नाई, गजाभाऊ," वहिनी म्हणाली. "थे दरसाली राहू देत हे."

गजाचा हात तिथंच थांबला. मग त्यानं तो हळूच मागे घेतला आणि मान वर करून त्या फुलांकडे पाहिलं.

"लय उंच गेली व वयनी."

वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही. आपल्या ओळीतला पुढचा शेंडा धरला, वाकवला, मोडला.

"बापावर गेली."